सुरुवातीच्या एन स्केलची इंजिनं: आधी सुटे भाग ओळखा, मग इंजिन घ्या

न्यूरेम्बर्गची अर्नोल्ड ही १९०६ सालची पत्र्याची खेळणी बनवणारी कंपनी. १९६० साली तिने ‘रॅपिडो २००’ नावाची इलेक्ट्रिक रेल्वे बाजारात आणली. रुळांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर (या मापाच्या गाड्यांना पुढे ‘एन’ म्हणू लागले), आणि इंजिन तळहातावर मावून वर जागा उरेल एवढं. आज ही आणि तिच्या आसपासच्या दहा-पंधरा वर्षांतली छोटी इंजिनं जमवणारे लोक जगभर आहेत. युरोप-अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोकही या नादाला लागलेले दिसतात, कारण घर लहान असलं तरी हा संग्रह दोन ड्रॉवरमध्ये बसतो.

हा लेख साधारण १९५७ ते १९७५ या काळातल्या छोट्या गाड्यांबद्दल आहे. त्या शोधायच्या कशा, तपासायच्या कशा, सांभाळायच्या कशा आणि विकायच्या कशा, याबद्दल. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या प्रकारात इंजिनांच्या आधी सुटे भाग शिकावेत. साठ वर्षांच्या इंजिनात मूळचं किती आहे आणि नंतर घुसडलेलं किती, हे ज्याला कळतं तो विकत घेताना फसत नाही आणि विकताना दुसऱ्याला फसवत नाही.

पहिली पायरी: संग्रहाची हद्द आखा

‘जुनी छोटी इंजिनं’ एवढ्याने भागत नाही. एक कंपनी घ्या, तिची दहा-बारा वर्षं घ्या आणि तिथेच खोल जा. त्यासाठी थोडा इतिहास हवा.

लंडनच्या लोन स्टारने १९५७ मध्ये हाताने ढकलायच्या ओतीव धातूच्या गाड्या काढल्या. त्यांचे रूळही धातूचे ओतीव, आणि रुंदी ८ मिलिमीटरच्या जवळपास. पुढे १९६० च्या सुमारास त्यांनी त्याच मालिकेला मोटर बसवली आणि नाव दिलं ‘ट्रेबल-ओ-लेक्ट्रिक’. ब्रिटिश डिझेल आणि अमेरिकन एफ-७ अशी त्यातली इंजिनं आजही सापडतात. गंमत म्हणजे त्यांत मोटरची ताकद चाकांपर्यंत रबर बँडने जाते. रबर कुजतं, त्यामुळे ‘चालत नाही’ म्हणून स्वस्तात मिळणारं लोन स्टार इंजिन कित्येकदा फक्त बँड तुटलेलं असतं. योग्य मापाची रबरी ओ-रिंग बसवली की धावतं. ही माहिती विकणाऱ्याला नसेल तर फायदा तुमचा.

अर्नोल्डच्या पहिल्या गाड्या १:२०० प्रमाणाच्या होत्या. इथे एक गणित करून बघा. खऱ्या युरोपियन रेल्वेचा गेज १४३५ मिलिमीटर. त्याला २०० ने भागलं तर ७.२ येतात, म्हणजे ९ मिलिमीटरचा रूळ या गाड्यांना रुंद पडत होता. १६० ने भागलं तर बरोबर ९ च्या आसपास उत्तर येतं. अर्नोल्डने काही वर्षांतच १:१६० धरलं आणि युरोप-अमेरिकेत तेच एन स्केल ठरलं. ब्रिटनने १:१४८ घेतलं, कारण तिथली खरी इंजिनं अंगाने लहान, त्या काळच्या मोटरी त्यांच्यात मावत नव्हत्या. जपानने १:१५० घेतलं. तिथे सेकिसुई किंझोकू, म्हणजे आजची काटो, हिचं सी-५० हे वाफेचं इंजिन १९६५ मध्ये आलं आणि जपानी एनची सुरुवात झाली.

न्यूरेम्बर्गच्याच ट्रिक्सची मिनिट्रिक्स १९६४ पासून विजेवर धावू लागली. फ्लाइशमानची पिकोलो आली १९६९ ला. ग्योपिंगेनच्या मेर्कलिनने १९७२ मध्ये मिनी-क्लब काढून सगळ्यांच्या खाली उडी मारली: १:२२० प्रमाण, ६.५ मिलिमीटर रूळ. त्याला झेड म्हणतात. ते एन नव्हे, पण संग्राहक तेच, बाजार तोच आणि दुखणीही बरीचशी तीच, म्हणून या लेखात त्यालाही जागा आहे. (जाता जाता: आपली मीटरगेज १:१६० मध्ये करायची झाली तर ६.२५ मिलिमीटर येते, म्हणजे जवळजवळ झेडचाच रूळ. हौशी लोकांनी यावर विचार करावा.)

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. साठच्या दशकात अमेरिकेत विकलेल्या एनच्या बऱ्याच गाड्या बनल्या होत्या युरोपात. ऑरोराच्या ‘पोस्टेज स्टॅम्प’ गाड्या म्हणजे मिनिट्रिक्स, रेव्हेलच्या नावाखाली आलेल्या रॅपिडो गाड्या अर्नोल्डच्या, आणि १९६७ मध्ये ॲटलसने जी एन मालिका सुरू केली तिच्यातला बराच माल इटलीतल्या रिव्हारोसीचा. खोक्यावर एक नाव, पोटाखाली दुसरं. याचा उपयोग असा की अमेरिकेत कोणी मोडकी ऑरोरा कवडीमोलाने काढली, तर तिच्यातले भाग जर्मनीतल्या मिनिट्रिक्सला चालण्याची चांगली शक्यता असते. म्हणूनच मी सांगतो, हद्द आखताना कंपनीच्या नावापेक्षा कारखाना बघा.

दुसरी पायरी: एक स्वस्त इंजिन उघडून बघा

महागडं काही घेण्याआधी मिनिट्रिक्स किंवा अर्नोल्डचं एखादं सर्रास मिळणारं, खोका नसलेलं, बंद पडलेलं इंजिन घ्या. घड्याळजीचे बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा, भिंग, पांढरा टॉवेल आणि कप्प्यांची प्लॅस्टिकची डबी एवढं पुरे. टॉवेल यासाठी की स्प्रिंग उडाली तर त्यात अडकते. फरशीवर गेलेली ब्रशची स्प्रिंग परत मिळत नाही, हे गृहीत धरा.

उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढत जा. वरचं कवच पॉलिस्टायरीनचं असतं. खाली जस्ताच्या मिश्रधातूची चासी. तिच्यात तीन पोलचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरणारा भाग, दोन बाजूंनी कार्बन ब्रश आणि त्यांच्या मागे स्प्रिंगा. आर्मेचरच्या टोकाला वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर), त्याखाली गिअरची माळ, शेवटी चाकं. एका-दोन चाकांवर रबरी टायर असतो, घसरू नये म्हणून. रुळावरून वीज उचलणाऱ्या पितळी किंवा कांस्याच्या पट्ट्या चाकांच्या मागे टेकलेल्या दिसतील. दोन्ही टोकांना कपलिंग.

हे सगळं एकदा हाताने सुटं करून परत जोडलं की पुढच्या प्रत्येक खरेदीत तुमची नजर बदलते. कुठला स्क्रू मूळचा नाही, कुठली पट्टी कोणीतरी डाग मारून जोडलीय, कुठला टायर जाड बसलाय, हे टेबलावरच कळायला लागतं.

कोणते भाग हरवतात तेही या वेळी शिकून घ्या, कारण विक्रीत पैसा तिथेच आहे. इलेक्ट्रिक इंजिनांचे पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे छतावरचे सांगाडे, सगळ्यात आधी मोडतात. मग कपलिंग आणि त्यांच्या स्प्रिंगा, वाफेच्या इंजिनांचे कनेक्टिंग रॉड, बफर, काचांचे तुकडे, चासीचा तो एकमेव विचित्र मापाचा स्क्रू, आणि हो, खोक्याच्या आतला इंजिन बसवायचा साचा.

तिसरी पायरी: माल कुठे शोधायचा

जर्मनीत असाल तर मॉडेल रेल्वेच्या ‘ब्योर्जे’ म्हणजे शनिवार-रविवारचे हॉलमधले बाजार, हिवाळ्यात जास्त. दार उघडतानाच पोहोचणाऱ्याला चांगली इंजिनं मिळतात आणि शेवटच्या तासाला जाणाऱ्याला सुट्या भागांचे खोके. दुकानदाराला ते परत गाडीत चढवायचे नसतात, म्हणून तेव्हा भाव पडतो. मी दुसऱ्या प्रकारचा ग्राहक आहे. ब्रिटनमध्ये टॉय फेअर आणि व्हेक्टिससारखी खेळण्यांची लिलावगृहं, अमेरिकेत ट्रेन शो. ऑनलाइनला ईबे, जर्मनीत क्लाइनआन्झाइगन.

जर्मन जाहिरातीत ‘ओव्हीपी’ असेल तर मूळ खोका आहे. ‘कॉन्व्होलूट’ म्हणजे एकगठ्ठा माल. ‘बास्टलर’ शब्द दिसला की वस्तू दुरुस्तीवाल्यासाठी आहे, तक्रार ऐकली जाणार नाही. ‘उन्गेप्रूफ्ट’ म्हणजे न तपासलेलं, आणि अनुभवी विक्रेता असं लिहीत असेल तर बहुतेक वेळा त्याने तपासलेलं असतं आणि ते चालत नसतं. त्या भावाने घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

सुरुवातीला गठ्ठेच घ्यावेत. समजा साठ युरोला आठ मोडकी इंजिनं आणि एक बरणीभर भाग मिळाले. आठातून चार जोडून निघाली, दोन तुम्ही ठेवली, दोन विकली, आणि उरलेल्या चारांचे भाग एकेक करून गेले, तर ठेवलेली दोन जवळजवळ फुकट पडतात. वेळ मोजू नका म्हणजे झालं. वेळ मोजणाऱ्याने या छंदात येऊच नये.

चौथी पायरी: टेबलावरची तपासणी

इथे घाई करू नका. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

आधी चासी. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिसं किंवा कथिल यांची भेसळ राहिली असेल तर दमट हवेत तो धातू कणाकणांच्या मधून आतून पोखरला जातो. याला संग्राहक ‘झिंक पेस्ट’ म्हणतात (इंग्रजी pest, म्हणजे जस्ताची कीड). धातू फुगतो, वाकतो, त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा हातात येतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मालात हे फार दिसतं. शुद्ध जस्त वापरायला लागल्यावर कमी झालं, पण साठच्या दशकातला एखादा नग अजून त्यात सापडतोच. यावर उपाय नाही. वंगणाने, रंगाने, गोंदाने थांबत नाही. एन स्केलमध्ये याची खूण म्हणजे चासी लांबल्यामुळे कवचाला पडलेली उभी चीर. कवच चिरलेलं दिसलं तर ‘पडलं असेल’ असं समजून पुढे जाऊ नका. काढून चासीची कड पट्टीवर धरून सरळ आहे का ते बघा.

मग गिअर. नायलॉनचं गिअर धातूच्या अक्षावर दाबून बसवलेलं असेल तर वर्षांच्या ताणाने ते चिरतं. इंजिन चालतं, पण प्रत्येक फेरीला ‘टक’ असा आवाज येतो, किंवा अक्ष फिरतो आणि गिअर जागीच राहतं. चाक बोटाने अगदी हलकं फिरवून बघा. वर्मला थेट जोडलेली चाकं बाहेरून फिरणार नाहीत, त्यांना जोर लावू नका, दात जातील.

चाकांकडे बाजूने बघा. सुरुवातीच्या एनची चाकं खोल कडांची असतात. ती जुन्या उंच रुळांसाठी होती. आजच्या कोड ५५ या बुटक्या रुळांवर ती स्लीपरच्या खिळ्यांवर आपटत जातात, कोड ८० वर नीट धावतात. त्यामुळे विक्रेत्याच्या टेस्ट ट्रॅकवर इंजिन उडत असेल तर दोष कदाचित रुळाचा आहे. उलट, अशा इंजिनाला बारीक कडांची चाकं बसवलेली असतील तर कोणीतरी ती बदललीत. धावायला उत्तम, संग्रहाच्या दृष्टीने घट.

कपलिंग. अर्नोल्डचं चौकोनी रॅपिडो कपलिंग पुढे सगळ्या कंपन्यांनी स्वीकारलं, पण त्याआधी प्रत्येकाचं वेगळं होतं. लोन स्टारच्या डब्याला अर्नोल्डचं इंजिन जोडलं जाणार नाही. म्हणून अनेक मालकांनी साठ-सत्तरच्या दशकात जुनी कपलिंग कापून रॅपिडो चिकटवली. कवचाच्या खालच्या बाजूला करवतीची खूण किंवा पिवळा पडलेला गोंद शोधा. खिशात छोटा अतिनील टॉर्च ठेवा, नंतर मारलेला रंग आणि गोंद त्या उजेडात पुष्कळदा वेगळा चमकतो.

शेवटी वीज. एनची इंजिनं १२ व्होल्ट डीसीवर चालतात, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी खिशात असल्या की काम होतं. मेर्कलिनच्या जुन्या झेडला मात्र ८ व्होल्टच्या वर जायचं नाही, नंतरच्या झेडला १०. एनचा ट्रान्सफॉर्मर झेडला लावून लोकांनी मोटरी जाळल्या आहेत. घरी तपासायचं तर करंट मर्यादा लावता येणारा बेंच पॉवर सप्लाय सगळ्यात सुरक्षित. चांगली मोटर साधारण १०० ते २५० मिलिअँपिअर घेते. त्याहून खूप जास्त घेऊन हळू फिरत असेल आणि गरम होत असेल तर घाण, घट्ट बेअरिंग किंवा मंदावलेलं चुंबक, यांपैकी काहीतरी आहे.

जुन्या खोक्यात आलेला मूळ ट्रान्सफॉर्मर भिंतीत लावू नका. त्याच्या वायरीचं रबर कुजलेलं असतं. आणि अमेरिकन ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो, भारतात किंवा युरोपात लावला की धूर. ते प्रदर्शनासाठी ठेवा.

पाचवी पायरी: जिवंत करा, पण नवं करू नका

बंद पडलेल्या जुन्या इंजिनाचं सगळ्यात सर्रास कारण म्हणजे वाळलेलं तेल. झेडच्या सुरुवातीच्या इंजिनांत तर हे ठरलेलंच. चाळीस-पन्नास वर्षं खोक्यात पडून तेलाची लाख होते, आणि मोटर गुं-गुं करते पण फिरत नाही. अशा वेळी व्होल्टेज वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय, आर्मेचरची बारीक तार जळते. कवच काढा, मोटर सुटी करा, धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने धुवा, वाळू द्या. कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश टेकतात त्या तांब्याच्या तुकड्यांच्या, फटींतली कार्बनची काळी भुकटी लाकडी टूथपिकने काढा. सुईने काढायला जाल तर तांबं ओरखडेल. मग प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकाएवढं प्लॅस्टिकला न खाणारं हलकं तेल. एवढंच. डबल्यूडी-४० चा डबा या टेबलाच्या आसपासही नको.

जुन्या ॲल्निको चुंबकाच्या मोटरीतून आर्मेचर काढताना चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवा, नाहीतर त्याची ताकद उतरते.

कवचाला अल्कोहोल लावू नका. साठच्या दशकातली छापील अक्षरं एका पुसण्यात जातात, आणि ‘डीबी’ (जर्मन रेल्वे) ही अक्षरं गेलेल्या इंजिनाची किंमत तिथेच अर्धी होते. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. एवढ्याने जे जात नाही ते राहू द्या. रंगाचा टवका उडाला असेल तर तो उडालेलाच राहू द्या. टचअप केलेलं इंजिन मूळ टवक्यापेक्षा स्वस्त जातं, हे नव्या लोकांना पटत नाही, पण बाजारात तसंच आहे.

भाग बदलायचेच असतील तर दोन गटांत विभागा. टायर, ब्रश, रबर बँड हे झिजण्यासाठीच असतात, ते नवे घालण्यात कसलाही कमीपणा नाही. मोटर, चाकं, कपलिंग, पेंटोग्राफ हे मूळचेच शोधा. झेडच्या जुन्या तीन पोलच्या मोटरीच्या जागी नंतरची पाच पोलची घातली तर इंजिन लोण्यासारखं चालतं, हे खरं. तशी घातलीच, तर मूळ मोटर पिशवीत घालून इंजिनाच्या खोक्यातच ठेवा. विकताना ती पिशवी पैसे देते.

डिजिटल डीकोडर बसवण्यासाठी जुनी चासी कापणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

सहावी पायरी: नोंद आणि साठवण

प्रत्येक इंजिनाची एक ओळ वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये: कंपनी, कॅटलॉग क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, कुठून कितीला घेतलं, काय बदललं, खोका कोणता. इंजिन कोणत्या काळातलं हे ठरवताना खोक्याची रचना, कपलिंगचा प्रकार आणि त्या-त्या वर्षाचे कॅटलॉग एकत्र बघावे लागतात. कुठल्याही एकाच खुणेवर विसंबू नका, खोके बदललेले असतात.

साठवणीत दोन शत्रू. एक म्हणजे जुन्या खोक्यातला फोम. पॉलियुरेथेन फोम वर्षांनी चिकट होऊन रंगाला चिकटतो, तो आधी बाहेर काढा आणि आम्लविरहित टिश्यू घाला. बबल रॅप थेट रंगाला लागेल असा महिनोन् महिने ठेवू नका, त्याचे गोल ठसे उमटतात.

दुसरा म्हणजे दमट हवा. मुंबई, कोकण, गोवा इथे इंजिनं ठेवणाऱ्यांनी हवाबंद डबे, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा, ४० ते ५० टक्के ठीक. पण कपाटात आईच्या सवयीने डांबरगोळ्या टाकू नका. नॅफ्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते आणि कवच चिकचिकीत होतं. साड्यांच्या कपाटातला वरचा कप्पा हा म्हणूनच इंजिनांसाठी चांगला नाही.

सातवी पायरी: विक्री

मोडायचं की अख्खं विकायचं, हा पहिला प्रश्न. माझा नियम साधा: कवच आणि चासी दोन्ही मूळची आणि धड असतील तर इंजिन कधीही मोडू नका, कितीही स्वस्त असलं तरी. त्यातलं एक गेलेलं असेल तर निर्धास्त मोडा. एकेका भागाची बेरीज अशा इंजिनाच्या अख्ख्या किमतीपेक्षा जवळपास नेहमीच जास्त भरते, आणि तुमच्या एका पेंटोग्राफने कुठेतरी दुसरं इंजिन पूर्ण होतं.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हे गाळण लावा आणि प्रत्यक्ष गेलेल्या किमती बघा. मागणारे वर्षानुवर्षं मागत बसतात. खोका असलेल्या आणि नसलेल्या वस्तूंच्या किमती वेगळ्या लिहून काढा, फरक बघून तुम्ही चकित व्हाल.

दर्जा सांगताना ‘छान’, ‘उत्तम’ हे शब्द निरुपयोगी आहेत. अमेरिकेत ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची दर्जाश्रेणी चालते. १९५४ साली स्थापन झालेली ही संस्था, तिच्या श्रेणीत सी-१० म्हणजे कारखान्यातून निघाल्यासारखं निर्दोष. चाललेल्या इंजिनाला सी-१० म्हणणारा विक्रेता दिसला तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. तुम्ही मात्र शब्दांत लिहा: कुठला टवका, कुठला भाग नवा, कपलिंग मूळ की बदललेलं, मोटर किती व्होल्टला सुरू होते. थ्री-डी प्रिंट केलेला किंवा नव्याने बनवलेला भाग असेल तर तसं स्पष्ट लिहा. या वर्तुळात लोक एकमेकांना ओळखतात आणि एकदा नाव खराब झालं की नाव बदलून आलात तरी तुमच्या फोटोतल्या टेबलक्लॉथवरून ओळखतात.

फोटो राखाडी कापडावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको. दोन्ही बाजू, दोन्ही टोकं, आणि सगळ्यात महत्त्वाचा पोटाखालचा. जो पोटाखालचा फोटो देत नाही त्याला काहीतरी लपवायचं असतं, असं ग्राहक धरून चालतो. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. अगदी कमी वेगाने धावतानाची दहा सेकंदांची चित्रफीत जोडली तर प्रश्न निम्मे कमी होतात. वेगात सगळीच चांगली दिसतात.

सुटे भाग विकताना एका जाहिरातीत दहा जातींचे भाग कोंबू नका. ‘अर्नोल्ड, पेंटोग्राफ, मूळ, एक’ असं एकेक लिहा, कारण शोधणारा नेमकं तेच टंकत असतो. छोटे भाग झिप पिशवीत, पिशवी कार्डावर चिकटवून, आणि ते कार्ड कडक पाकिटात. टपालाच्या यंत्रात नुसत्या पाकिटातला रॉड वाकतो. इंजिन पाठवताना आधी टिश्यू, मग त्याचा खोका, मग बाहेरचा मोठा खोका, मध्ये सगळ्या बाजूंनी बोटभर जागा कागदाने भरलेली. मूळ खोक्याला चिकटपट्टी लावायची नाही, कधीही.

युरोपीय संघात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: २०२३ पासून वर्षाला तीस किंवा अधिक विक्री झाल्या किंवा २००० युरोंच्या वर गेलात, तर ईबेसारख्या मंचांना तुमची माहिती करखात्याला कळवावी लागते. याचा अर्थ लगेच कर लागला असा नाही, पण सुटे भाग एकेक करून विकणाऱ्याचे तीस व्यवहार फार पटकन होतात. खरेदीच्या पावत्या आणि ती वही इथे कामाला येते.

भारतात मागवायचं असेल तर

छोट्या प्रमाणातल्या मॉडेल गाड्या सीमाशुल्कात खेळण्यांच्या ९५०३ या शीर्षकाखाली येतात. त्यावरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. शुल्क वस्तूच्या किमतीवरच नाही तर टपालखर्च आणि विमा धरून लागतं, वर आयजीएसटी. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस चिन्ह सक्तीचं आहे. साठ वर्षांपूर्वीच्या अर्नोल्डवर ते कुठून येणार? पार्सल अडकलं तर ‘प्रौढांच्या संग्रहाची जुनी वस्तू’ हे कागदोपत्री मांडावं लागतं आणि त्याची हमी नसते. ‘गिफ्ट’ लिहून सुटका होईल ही समजूतही सोडा, टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात गेली.

त्यामुळे पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला दोनच रस्ते परवडतात. एक, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने प्रवासी सामानाच्या मोफत मर्यादेत, पावतीसकट, हातातल्या बॅगेतून आणणं. दुसरा, इथेच ज्यांच्याकडे जुना माल आहे त्यांच्याकडून घेणं. अशी माणसं शोधायची तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या एचओ, म्हणजे १:८७ च्या, आपल्यापेक्षा मोठ्या. पण तिथे येणाऱ्या मंडळींपैकी कोणाच्या तरी माळ्यावर परदेशातून आणलेला एखादा मिनिट्रिक्सचा खोका असण्याची शक्यता असते. विचारून बघा, आणि दाखवला तर आधी कवच काढून चासी सरळ आहे का ते बघा.